पाप कोणाच्या खात्यावर?

दादांनी आयुष्यभर पंढरीची वारी केली, कोणाच्या पैशाला कधी हात लावला नाही. आता ते आरतीच्या ताटातली नाणी उचलून खिशात टाकतात, भर पंगतीत शेजारच्याच्या पानातली जिलबी घेतात आणि वर हसतात. एमआरआयमध्ये मेंदूचा पुढचा भाग आक्रसलेला दिसला. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. मनातल्या ऊर्मीला लगाम घालणं, हे बरंचसं याच भागाचं काम.

आत्या म्हणतात, पूर्वकर्म. मला ते मुळीच पटत नाही. मेंदूला इजा झाली की माणूसच बदलू शकतो, याचं एक जुनं उदाहरण आहे.

१८४८ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना स्फोट झाला आणि सहा किलोची पहार फिनियस गेजच्या डाव्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली. तो वाचला, पण शिवराळ आणि लहरी झाला. हा आपला गेज नव्हे, असं मित्र म्हणत, हे त्याचे डॉक्टर हार्लो यांनी नोंदवून ठेवलंय. पुढे मात्र त्यानेच चिलीत कित्येक वर्षं घोडागाडी हाकली. म्हणजे जखमेनंतरही घडी थोडीफार बसू शकते. दादांच्या आजाराला तशी उलटी वाट नाही.

मग संयमात पुण्याई किती आणि पेशी किती? मेंदू शाबूत असताना माणसाने स्वतःला कसं वळण लावलं, तेवढ्याचाच हिशेब देवाने मागावा, असं मला ठामपणे वाटतं. तो हिशेब दादांनी केव्हाच चुकता केलाय. हातात टाळ दिले की हरिपाठाचा ठेका आजही चुकत नाही. आत्यांना हे दाखवलं, तरी त्या प्रायश्चित्ताचाच विषय काढतात.