अनकाईचा अगस्ती आणि वातापीचे मरण

मनमाडच्या दक्षिणेस, सातमाळा रांगेतील अनकाई किल्ल्याच्या माथ्यावर अगस्ती ऋषींचे गुहास्थान मानले जाते. महाराष्ट्रातील मुलांना मात्र हा ऋषी बहुधा आतापी-वातापीच्या गोष्टीतून भेटतो. एक राक्षस आपल्या भावाला मेंढा करून, शिजवून ब्राह्मणांना वाढतो, नंतर हाक मारताच तो भाऊ जेवणाऱ्याचे पोट फाडून बाहेर येतो, आणि अखेरीस अगस्ती त्याला पचवून टाकतो, एवढीच ती गोष्ट असते.

महाभारताच्या वनपर्वात या भोजनामागे एक मोठी कारणपरंपरा आहे. वंश खुंटल्यामुळे पितर खड्ड्यात उलटे लोंबकळत असल्याचे अगस्ती पाहतो आणि पितृऋणातून, म्हणजे संतती निर्माण करून फेडायच्या पूर्वजांच्या ऋणातून, सुटण्यासाठी विदर्भराजाची कन्या लोपामुद्रा हिच्याशी विवाह करतो. सहवासापूर्वी ती माहेरच्यासारख्या वैभवाची अपेक्षा धरते. ते वैभव मिळवण्यात तपाचा व्यय नको म्हणून तो धनासाठी तीन राजांकडे जातो, आणि प्रत्येकाचा आय व व्यय सारखाच असल्याने, तेथून धन घेतल्यास प्रजेला पीडा होईल हे ओळखून ते नाकारतो. त्यानंतर ते चौघेही धनाढ्य इल्वलाकडे, लोककथेतल्या आतापीकडे, येतात. ताटात काय वाढले आहे हे जाणून राजे खचतात. अगस्ती त्यांना धीर देऊन जाणूनबुजून जेवतो, आणि भाऊ गमावलेला इल्वल हात जोडून धन देतो.

वाल्मीकिरामायणात हाच प्रसंग धनाच्या शोधाविना, केवळ राक्षसवधाच्या रूपात येतो, आणि तेथे इल्वल ऋषीच्या दृष्टीने जळून जातो. बालकथेने हाच सोपा न्याय उचलला. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (1967) पांडवांच्या मयसभेच्या वैभवामागचे खांडववनाचे दहन वाचकांसमोर ठेवले, वातापीच्या कथेलाही तशाच वाचनाची गरज आहे, कारण वनपर्वातील वध ब्राह्मणांचे रक्षण करतो हे खरे असले, तरी ऋषी तेथे रक्षणासाठी आलेला नाही. इल्वलाने कित्येकांना मारले होते, त्यामुळे त्याचा पराभव न्याय्यच ठरतो. परंतु प्रजेची पीडा टाळणारा विवेक इल्वलाच्या दाराशी पोचल्यावर, ते धन मुळात कोणाकडून आले असेल, हे विचारत नाही. हा प्रश्न अगस्तीची थोरवी कमी करीत नाही, उलट त्याला निर्णयाचा भार वाहणारा कर्ता ठरवतो. म्हणून प्रौढ वाचकाने ही कथा लोपामुद्रेच्या मागणीसह, संपूर्ण वाचली पाहिजे.