पिशवीतली ओळख

माणूस काय विकत घेतो यावरून तो कोण आहे हे ओळखता येते काय? बाजार म्हणतो, येते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्येच मांडले होते की, पैसेवाला माणूस वस्तू केवळ वापरायला घेत नाही, लोकांना दिसावी म्हणूनही घेतो. पण दिखावा ही या प्रश्नाची एकच बाजू झाली. आपल्या महाराष्ट्रात अनेकांसाठी हा प्रश्न श्रीमंतीचा नव्हता, इज्जतीचा होता.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले की, ज्या राहणीवरून लोक तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखतात ती राहणी सोडा. लुगडे नेसण्याची रीत बदला, ते जाड दागिने टाका, कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आमच्या नागपुरात दीक्षेला लाखो माणसे आली, ती पांढरी वस्त्रे नेसून. ज्यांची ओळख दुसऱ्यांनी ठरवली होती त्यांनी ती स्वतः ठरवली. अशा कपड्याला कोण दिखावा म्हणेल?

याच नागपुरात डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसच्या अधिवेशनाने असहकारावर शिक्कामोर्तब केले आणि खादी ही देशाची ओळख होऊ लागली. अली बंधूंच्या आई बी अम्मा याही खादीचा प्रचार करीत. मात्र नावावर फार भिस्त ठेवू नये, हेही नागपूरच शिकवते. जमशेटजी टाटांची इथली गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली आणि गिरणी एम्प्रेस मिल म्हणून ओळखली गेली. पुढे १८८६ मध्ये त्याच जमशेटजींनी मुंबईत गिरणी घेतली, तिचे नाव ठेवले स्वदेशी. मालक एकच, नावे दोन. लेबल काळाप्रमाणे बदलते.

आज लेबलाचा झगडा ताटापर्यंत आला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणपत्र असलेल्या वस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली. जुलै २०२४ मध्ये तिथेच कावड यात्रेच्या मार्गावरील खाणावळींना मालकाचे नाव लावण्याचा हुकूम झाला. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्याला स्थगिती दिली. कोणते अन्न मिळते हे लिहायला सांगता येईल, नाव लावण्याची सक्ती करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. मार्च २०२५ मध्ये आपल्या राज्यात हिंदू खाटिकांच्या झटका मटणासाठी मल्हार प्रमाणपत्र जाहीर झाले.

न्यायालयाने केलेला फरक मला मोलाचा वाटतो. माझ्या तोंडात काय जाते हे जाणण्याचा हक्क मला आहे. हलाल पाहिजे त्याने हलाल घ्यावे, झटका पाहिजे त्याने झटका. कोणी म्हणेल, हलालमध्ये जबह करणाऱ्याची श्रद्धाही पाहतातच की! खरे आहे. पण ती अट सुरीपुरती आहे. तीच अट कांद्याला, बांगड्यांना आणि सायकलच्या पंक्चरला लावली की तिथे इबादत उरत नाही, नुसता द्वेष उरतो. नागपूर-कामठीच्या मागांवर मोमिन बसले, कोष्टीही बसले. लुगड्याच्या काठावरून विणणाऱ्याचा देव कळत नाही.

'माझा पैसा, मी कुठेही देईन' हे उत्तर एका माणसापुरते बरोबर आहे. सगळा मोहल्ला ठरवून एकाच्या दुकानाकडे पाठ फिरवतो तेव्हा त्याची चूल विझते. मग विदेशी कापडावरचा बहिष्कार तरी योग्य कसा? माझ्या मते, तो एका राज्यसत्तेच्या कृत्यावर होता. ते कृत्य थांबले की बहिष्कारही थांबू शकत होता. जन्मावरच्या बहिष्काराला असा शेवट नसतो, कारण ज्याच्यावर तो टाकला त्याला बदलण्यासारखे काहीच नसते. जातपंचायतींनी आपल्याच माणसांवर टाकलेल्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा मंजूर केला. शेजाऱ्याबद्दलही हीच जाण हवी.

हा आरसा आपल्याकडेही वळवला पाहिजे. 'अपनेवालों से ही खरीदो' हे आपल्या मोहल्ल्यातही ऐकू येते. दुसऱ्याने केले तर तो बहिष्कार आणि आपण केले तर ती बिरादरीची मदत, असे दोन तराजू कसे चालतील? आणि आपसात तरी काय चालले आहे? इसराफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्या धर्माला नापसंत. तरी जहेजची मोटारसायकल मंडपात लोकांना दिसेल अशीच उभी करतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. गणवेश सर्वांचा एकच असतो, तरी मुले बुटांवरून एकमेकांचे घर ओळखतात. ज्याचे बूट फाटके तो मागच्या बाकावर सरकतो. तिथे धर्म एक, भाषा एक, मोहल्लाही एक असतो.

म्हणून खरेदी करताना एवढेच विचारावे: या वस्तूने माझी मान ताठ होते, की दुसऱ्याची खाली जाते? महाडच्या स्त्रियांनी लुगडे बदलले तेव्हा कोणाचीही भाकर हिरावली गेली नव्हती.