आईच्या शब्दाचे वजन

शास्त्रपाठ : निर्गम २०:१२, योहान १९:२५-२७



आईबापांविषयीची आज्ञा आपण शब्बाथ शाळेतच पाठ केलेली असते. तिच्यातील ‘कब्बेद’ हे मूळ इब्री क्रियापद ज्या धातूपासून आले, त्याचा अर्थ ‘जड असणे’ असा आहे. मराठीत आपण ‘मान’ हा शब्द योजतो, व तो योग्यच आहे. परंतु आईबापांचा शब्द हलका लेखू नये, हा भाव त्यातून थोडा निसटतो. (आपल्या ‘गुरू’ या शब्दात मात्र जडपणा व पूज्यता एकत्र नांदतात.) भाषांतराच्या मेजावर मला हे पुष्कळ वर्षे ठाऊक होते. उमगले ते वाराणसीस, आईच्या खाटेपाशी.

आई माझ्या धाकट्या बहिणीकडे राहत असे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन सहा वर्षे लोटली होती. मंडळीत उपकारस्तुतीही झाली होती. मग पाठ दुखू लागली. लहरतारा येथील होमी भाभा कर्करोग रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा रोग हाडांत उतरल्याचे कळले. (रेल्वेचे हे जुने रुग्णालय २०१८ साली टाटा मेमोरियल केंद्राच्या हाती आले; २०१९ मध्ये हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात त्यांचे दुसरे मोठे रुग्णालय उघडले. त्यापूर्वी तिकडच्या पुष्कळ रुग्णांना थेट मुंबई गाठावी लागे.) डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले : रोग असा दूर पसरला की बहुधा समूळ जात नाही, त्याला आवरून धरायचे व वेदना कमी करायच्या. असे काही रुग्ण कित्येक वर्षे जगतातही.

आम्ही भावंडांनी आईला ‘संधिवात’ सांगितला. तिच्या उशाशी बसून आम्ही आरोग्यासाठी प्रार्थना करीत होतो, आणि कोणत्या रोगातून आरोग्य, हे तिलाच ठाऊक नव्हते!

त्याच शहरात १९५८ पासून काशी लाभ मुक्तिभवन आहे. मुले आपल्या आईबापांना अखेरचे दिवस काढण्यास तेथे आणतात. आपली आशा निराळी आहे. ती कोणत्याही नगरावर नसून उठलेल्या प्रभूवर आहे. तरीही तेथे मरणाविषयी उघडपणे बोलतात, आणि पुनरुत्थानावर विश्वास ठेवणारे आम्ही कुजबुजत होतो. मला लाज वाटली.

वधस्तंभावरून प्रभूने आईची सोय लावली, त्यातील क्रम पाहा. तो प्रथम आईशी बोलला, मग शिष्याशी. तिची व्यवस्था तिला वगळून झाली नाही.

एका सायंकाळी मी आईला सर्व सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पाठीवरून ओळखलं होतं रे. तुम्ही रडाल म्हणून बोलले नाही.”

तुमच्या घरी असे आजारपण असेल, तर डॉक्टरांशी बोलताना आईला बाहेर बाकावर बसवू नका. किती जाणायचे आहे, ते तिलाच विचारा. “मला नको सांगू,” असे ती म्हणाली, तर त्या शब्दालाही वजन आहे. आम्हांला मॉर्फिनची फार धास्ती होती; डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेपुरते घेतल्यास व्यसनाचा धोका थोडा असतो, हे त्यांनी समजावले. गोळी घेण्याचे आईनेच ठरवले. सलाइनमधून द्यावयाच्या औषधाविषयी ती म्हणाली, “नाताळापर्यंत घेते, मग पाहू.”

त्या दिवसापासून प्रार्थनेत काय मागायचे, हेही ती सांगू लागली. तिची पहिली विनंती होती, बहिणीला रात्री झोप लागावी.