पहिल्या शंभरांचा प्रश्न

घराची मोठी दुरुस्ती काढावयाची म्हणजे बिऱ्हाड कांहीं दिवस दुसरीकडे हलवितां येतें. संगणकांच्या जगांत ही सोय नाहीं. बँकांच्या उलाढाली, विमानांचें आरक्षण, रुग्णालयांतील नोंदी हीं कामें अहोरात्र चालतात, आणि तीं चालविणाऱ्या सॉफ्टवेअरमध्यें फेरबदल करावयाचा तो माणसें आंत वावरत असतांनाच. अशा वेळीं पहिला धोका कोणाच्या माथीं पडावा, हा आमच्या मतें यंत्रशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही प्रश्न आहे.

१९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीनें आपल्या संरक्षक सॉफ्टवेअरमधील एक लहानशी सुधारणा सर्वत्र एकदमच धाडली. तींत दोष होता. ७८ मिनिटांत ती मागें घेण्यांत आली खरी. परंतु सुमारें ८५ लक्ष विंडोज संगणक बंद पडले, आणि बंद पडलेल्या संगणकास मागें घेण्याची आज्ञा पोंचणार कशी? पुष्कळ ठिकाणीं माणसांनीं एकेका यंत्रापाशीं बसून तें सुधारलें. तोंवर विमानें खोळंबलीं, शस्त्रक्रियाही लांबल्या.

यावर जाणत्यांचा तोडगा असा कीं, नवें रूप आधीं शेंकडा एखाद्यास द्यावें, लक्ष ठेवावें, निभावलें तर पुढें सरकावें. या पद्धतीस ‘कॅनरी’ म्हणतात. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून हे पक्षी नेत असत. १९८६ मध्यें ती चाल मोडीत काढण्याचें ठरलें.

पुष्कळांचें पुष्कळ हित, या बेंथॅमच्या हिशेबानें तोडगा बिनतोड आहे. पण त्या पहिल्यांस बहुधा कोणी विचारलेलें नसतें. आचाऱ्यानें पंगतीच्या टोंकाच्या चार पाहुण्यांस आमटी वाढून त्यांचीं तोंडें न्याहाळावीं, त्यांतलाच हा प्रकार. निवड चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें होते, म्हणून ती न्याय्य, असें म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. चिठ्ठी सर्वांस सारखी असली तरी हानि सारखी नसते. ज्याचें पत्र तासभर अडलें तो कारकून आणि अतिदक्षता विभागांतील परिचारिका यांचीं नांवें एकाच टोपलींत टाकणें ही समता नव्हे. पहिला मान, ज्यांनीं फेरबदल केला त्यांच्या स्वतःच्या कचेरीचा. कित्येक कंपन्या तसें करितातही. त्यानंतर, समजून संमति देणारांचा.

खाणींतील त्या पक्ष्यासाठीं एक विशेष पिंजरा केलेला होता. पक्षी कासावीस झाला कीं दार मिटून वरच्या नळकांड्यांतील प्राणवायु आंत सोडीत, व तो पुन्हां सावध होई. ‘कॅनरी’ हें नांव उचलणारांनीं हा पिंजराही उचलावयास हवा होता. जुनें सॉफ्टवेअर पुन्हां लाविलें म्हणजे सारें पूर्ववत् झालें असें नव्हे. मधल्या तासांत नव्या रूपानें लिहिलेल्या नोंदी जुन्यास वाचतां येत नसतील, तर त्या शंभरांचे पैसे, औषधें, तिकिटें अधांतरींच राहतात. म्हणून कुशल कारागीर नोंदींचा जुना सांचा लगेच मोडीत नाहींत. दोन्ही रूपांस वाचतां येईल असें कांहीं काळ लिहितात. हें काम कंटाळवाणें, खर्चाचें, आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीस कधींच न पडणारें आहे.