आजचं मनन : रविवारी काय घालून जायचं?

वाचन : याकोब २:१-४, २ शमुवेल १२:१५-२३, २ राजे १९:१-७



मागच्या आठवड्यात आमच्या तरुण संघाच्या ग्रुपवर एक मेसेज पडला. रविवारी उपासनेला नीट कपडे घालून या, शॉर्ट्स, फाटक्या जीन्स, स्लिपर नको. झालं! रात्री बारापर्यंत फोन वाजत होता. अर्ध्यांचं म्हणणं, इंटरव्ह्यूला जाताना शर्टाला कडक इस्त्री करता, मग देवाच्या घरी येताना काय होतं? उरलेल्या अर्ध्यांचं म्हणणं, देव हृदय पाहतो, कपडे नाही. दोन्हीकडून वचनांचा मारा. मी काहीच लिहिलं नाही. का नाही, ते पुढे सांगतो.

आधी ते हृदय पाहण्याचं वचन घेऊ, कारण आपल्या सगळ्यांना ते पाठ आहे. १ शमुवेल १६. ते कोणाला सांगितलंय? शमुवेलाला. इशायच्या घरी तो नवा राजा निवडायला गेला होता. थोरला अलीयाब समोर आला, उंच, देखणा, आणि शमुवेलाला वाटलं की हाच. तिथे देवाने त्याला थांबवलं. चूक अलीयाबाच्या उंचीत नव्हती, बघणाऱ्याच्या नजरेत होती. आपण मात्र ते वचन आपल्याच चुरगळलेल्या टी-शर्टची वकिली करायला वापरतो.

याकोबाचंही तेच. सभेत दोघं येतात. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी, अंगावर झगझगीत कपडे. दुसरा गरीब, कपडे मळलेले. आता नीट वाचा. अंगठीवाल्याला याकोब एका शब्दाने बोलत नाही. मळक्या कपडेवाल्यालाही तो घरी जाऊन बदलून ये म्हणत नाही. बोलणी खातो तो जागा दाखवणारा, जो एकाला चांगल्या ठिकाणी बसवतो आणि दुसऱ्याला म्हणतो, तू तिकडे उभा राहा, नाहीतर इथे खाली पायाशी बस. आणखी एक गंमत आहे. मूळ ग्रीकमध्ये त्या गरिबाच्या कपड्यांना जो 'मळका' शब्द वापरलाय, त्याच्याच कुळातला शब्द याकोबाने थोडं आधी, १:२१ मध्ये, मनातली घाण काढून टाका म्हणताना वापरलाय. म्हणजे पत्र सलग ऐकणाऱ्याच्या कानात तो शब्द ताजाच असतो, आणि मग दारातून मळक्या कपड्यांचा माणूस आत येतो. आता मळ नेमका कुठे आहे?

पण मग कपड्यांचं काहीच नाही का? आहे ना. दावीद बघा. बथशेबेपासून झालेलं बाळ आजारी पडलं. दावीद उपाशी, रात्र रात्र जमिनीवर पडून. सातव्या दिवशी मूल गेलं. नोकरांना सांगायची भीती, हा आता जिवाचं काही करून घेईल. आणि दावीद उठतो, अंघोळ करतो, तेल लावतो, कपडे बदलतो, परमेश्वराच्या घरात जाऊन दंडवत घालतो. जेवण त्याच्या नंतर. मला हा उतारा वाचताना दर वेळी थांबावं लागतं. मूल गेलेला बाप धुतलेले कपडे घालून देवापुढे जातो. त्यात मिरवणं कुठेच नाही. माझं सगळं मोडलंय, तरी तू माझा देव आहेस, एवढंच तो त्या कपड्यांतून म्हणतो.

आणि आता हिज्कीया. इ. स. पू. ७०१. अश्शूरचं सैन्य यहूदाची नगरं घेत आलंय, सन्हेरीबाचा अधिकारी तटाखाली उभा राहून देवाची टिंगल करतोय. हिज्कीया राजा आहे, त्याच्याकडे कपड्यांना तोटा नाही. तो अंगावरचे कपडे फाडतो, गोणपाट नेसतो आणि तसाच परमेश्वराच्या मंदिरात जातो. त्याला कोणी अडवलं नाही. उलट यशयाकडून निरोप आला, भिऊ नकोस.

याच्या शेजारी एस्तेर ४ ठेवून वाचा. शूशनमध्ये मर्दखय गोणपाट नेसून राजवाड्याच्या वेशीपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो, कारण गोणपाट नेसलेल्याने राजाच्या वेशीतून आत जायचं नाही असा नियमच होता. एस्तेर घाईघाईने चांगले कपडे पाठवते, तो ते घेत नाही. पारसाच्या राजाला दुःख नजरेसमोर नको होतं. आपल्या देवाच्या दारात तसा नियम नाही. दावीद बदलून आला, हिज्कीया फाडून आला, दोघंही आत गेले.

(मत्तय २२ मधलं लग्नाचं वस्त्र कोणीतरी काढणारच, म्हणून सांगून टाकतो. तिथले पाहुणे रस्त्यावरून गोळा करून आणलेले आहेत, बरे आणि वाईट दोन्ही. त्या दाखल्यावरून चर्चच्या दारात शर्ट-पँट तपासणं म्हणजे फारच झालं.)

आता एक गोष्ट माझ्यासारख्या जीन्सवाल्यांसाठी. माझी आजी नगरकडची. तिचं रविवारचं पातळ वेगळं, ट्रंकेत डांबरगोळ्यांत ठेवलेलं. लहानपणी मी तिला हसायचो. मग समजलं की आपल्या मंडळीतल्या कितीतरी घरांच्या मागच्या पिढ्यांना चांगलं नेसायचीच मुभा नव्हती. गावात कोणी कसं नेसायचं, कोणते दागिने घालायचे, हे जात ठरवायची. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना मुद्दाम सांगितलं होतं की लुगडं वरच्या जातीतल्या बायका नेसतात तसं नेसा. कपडा ही तेव्हा लढाई होती. आजीचं ते पातळ देवापुढे ताठ मानेने उभं राहण्याचं होतं. "कपड्यांनी काय होतं?" हे बोलायला सोपं जातं ते ज्याचं कपाट भरलेलं आहे त्याला. म्हणून मी आता शनिवारी रात्री इस्त्री करतो. कोणाला सांगत नाही, करतो.

आणि ग्रुपवर गप्प का राहिलो? तीन वर्षांपूर्वी दारात स्वागताची सेवा माझ्याकडे होती. नाताळच्या आधीचा रविवार, चर्च फुल. एक मुलगा आला, अंगात डिलिव्हरी कंपनीचा टी-शर्ट, पाठीवर ती चौकोनी बॅग, डोळे जागून लाल. रात्रपाळी करून थेट आला असणार. पुढे दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, मला दिसत होत्या. मी म्हटलं, "भाऊ, मागे उभा राहशील का? बॅग बाहेर ठेव." अगदी गोड आवाजात म्हटलं. तो बरं म्हणाला. दहा मिनिटांनी ब्लेझर घातलेले एक काका आले, त्यांना मी हात धरून पुढे नेलं, त्याच खुर्चीवर.

पहिलं गीत संपता संपता मागे वळून पाहिलं, तो नव्हता. पुढच्या रविवारी नव्हता, त्याच्या पुढच्याही नाही. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं. याकोब २ मी त्याच महिन्यात तरुणांना शिकवलं होतं, नोट्स अजून आहेत माझ्याकडे.

आता पुन्हा दारात उभा राहतो. येणाऱ्याचं आधी नाव विचारतो, मग जागा दाखवतो. कपडे अजूनही दिसतात मला, खोटं कशाला सांगू. नजर आधी तिकडेच जाते.

प्रार्थना : प्रभू येशू, तुझा अंगरखाही शिपायांनी चिठ्ठ्या टाकून नेला, तुला उघडं पडणं माहीत आहे. तो मुलगा या शहरात कुठेतरी गाडी चालवत असेल. त्याला माझ्यामुळे तुझं दार बंद वाटलं असेल तर ते तू उघड. तो कुठल्याही मंडळीत गेला तर त्याला पुढे बसवणारं कोणीतरी तिथे असू दे. आणि आमच्याकडे आला तर मला ओळखू येऊ दे. आमेन.

उद्याचं वाचन : याकोब २:५-१३