पहाऱ्याची पाळी

गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की मंडपाच्या खांबाला एक फळा टांगतात. त्यावर खडूने दिवसरात्रीच्या वेळा लिहिलेल्या असतात आणि प्रत्येक वेळेपुढे नावे. ही पहाऱ्याची यादी. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, हा नेम. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. संध्याकाळच्या पाळीला माणसांची वाण नसते आणि रात्री कीर्तनाला मंडप पुरत नाही. खरी कसोटी रात्री दोन ते चारच्या पाळीची. अर्धा मंडप झोपलेला असतो, दोन टाळकरी डुलक्या आवरत असतात, आणि वीणा घेतलेला माणूस अंधारातून पुढच्याच्या पावलांचा आवाज येतो का म्हणून कान लावून उभा असतो. तो माणूस येतो. सप्ताह अखंड राहतो तो त्याच्या येण्यामुळे.

हा फळा मला आठवला तो फार लांबच्या एका रेल्वेमुळे. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात टॅलिलिन नावाची एक छोटी रेल्वे आहे. तिच्या दोन रुळांमधली रुंदी जेमतेम सव्वादोन फूट. डोंगरातल्या खाणीतला पाटीचा दगड समुद्रकाठच्या तायविन गावाकडे आणण्यासाठी ती १८६५ मध्ये बांधली गेली. १९४६ मध्ये खाण बंद पडली. मालक सर हेडन जोन्स यांचा शब्द होता की आपण आहोत तोवर गाडी चालेल. तोटा सोसून त्यांनी तो पाळला, आणि १९५० मध्ये ते वारले. आता रूळ उपटून भंगारात जाणार, हे सगळ्यांना दिसत होते. तेव्हा टॉम रोल्ट या लेखकाच्या पुढाकाराने काही माणसे बर्मिंगहॅम शहरात जमली आणि म्हणाली, ही गाडी आम्ही चालवू. पगार नाही, मालकी नाही, नफा नाही. १४ मे १९५१ रोजी त्यांनी पहिली गाडी सोडली. स्वयंसेवकांनी हाती घेऊन चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे. लाकडी स्लीपर कुजलेले होते, रुळांवर गवत माजले होते आणि त्या हंगामात मुख्य भिस्त होती ती १८६६ साली बांधलेल्या एकाच इंजिनावर. ती रेल्वे आज सत्तर वर्षांनंतरही धावते आहे.

जुन्या गोष्टीवर माया तर आपणही करतो. मला नवल वाटले ते त्या मायेला त्यांनी लावलेल्या शिस्तीचे. अशा रेल्वेवर हौस आहे म्हणून कुणाला इंजिनावर चढता येत नाही. आधी इंजिन पुसायचे, राख काढायची. मग कोळसा टाकणाऱ्याच्या कामाची तयारी, परीक्षा. त्यानंतर काही वर्षांनी जमले तर चालक. नियम पाठ हवेत, डोळे तपासलेले हवेत. डब्यात बसलेल्या बाईच्या मांडीवर मूल असते. चालक पगारी आहे की स्वयंसेवक, याने तिच्या जिवाची किंमत बदलत नाही. फुकट करतो आहे म्हणून थोडे कमी चालेल, ही सवलत तिथे कुणाला नाही. आपल्याकडे सेवा म्हटले की चूक माफ असते. सेवेच्या कामात चूक करण्याचा अधिकार उलट कमी असतो, हे मला त्या रेल्वेने शिकवले.

आमच्या रेणापूर गावाला रेल्वे कधी आली नाही. तालुक्यात पानगावला स्टेशन आहे, परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या मार्गावर. पण मागच्या पिढ्यांच्या बोलण्यात रेल्वे म्हणजे वीसेक किलोमीटरवरच्या लातूरची बार्शी लाईट. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीची ही गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केली. ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. सव्वातीनशे किलोमीटरचा हा मार्ग १९५४ मध्ये सरकारच्या ताब्यात आला. कॅलथ्रॉपचा हिशेब साधा होता. रूळ हलके असले तरी इंजिनाचे आणि डब्यांचे वजन प्रत्येक आसावर सारखे वाटून दिले, तर छोटी गाडीही मोठे ओझे नेते. त्या गाडीने बार्शीचा कापूस नेला, लातूरच्या अडतीतले धान्य नेले आणि आषाढी-कार्तिकीला टपावर बसलेले वारकरी नेले. वाटेत कसबे तडवळे लागते. १९४१ च्या फेब्रुवारीत तिथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या गावात आले.

ती गाडी आता नाही. २००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला, धाराशिव शहराला जोडण्यासाठी थोडा वळवलाही गेला, आणि पुढे मिरजेपर्यंतचे काम झाले. तेव्हापासून आपण हळहळतो. गाडी इतकी हळू चालायची की खाली उतरून बोरे तोडून परत चढता यायचे, असे सांगणारी माणसे प्रत्येक गावात भेटतात. मीही ती गोष्ट आवडीने सांगत आलो आहे. पण त्याच गाडीतून बाळंतीण दवाखान्यात जायची आणि परीक्षेला निघालेला मुलगाही जायचा. त्यांना बोरे नको होती, वेळेवर पोचायचे होते. संथपणाचे कौतुक ज्याला घाई नव्हती त्याला परवडते.

मग आला २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडे पडले. लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली, दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी घेऊन. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर: वाट बहुतेक तीच होती, कॅलथ्रॉपची. पण रूळ रुंद होते म्हणून 'जलदूत' नावाची ती पाण्याची गाडी येऊ शकली. छोट्या रुळांवर एवढे पाणी इतक्या वेगाने आले नसते. ज्या बदलासाठी आपण हळहळलो, त्याच बदलाने आपल्या घागरी भरल्या. म्हणून मला सरळ सांगावेसे वाटते की आपल्या आठवणीच्या सुखासाठी रुळाकाठच्या माणसाने गैरसोयीत राहावे, अशी अपेक्षा करण्याचा कुणालाही हक्क नाही.

टॅलिलिनलाही हा प्रश्न चुकलेला नाही. गाडी वाचवायला जमलेल्यांत बरेचजण इंग्लंडच्या शहरांतले होते, आणि गाडी धावत होती वेल्श बोलणाऱ्या खेड्यांमधून. बाहेरून आलेल्याची हौस आणि गावाची गरज या दोन वेगळ्या गोष्टी असतात. त्या एकत्र यायच्या तर बाहेरच्याने गावाच्या वेळेला यावे लागते, गवत काढावे लागते, पावसात खडी भरावी लागते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळची पफिंग बिली ही गाडी तर आपल्या बार्शी लाईटच्याच रुंदीची, अडीच फुटांची. १९५३ मध्ये दरड कोसळून तिचा मार्ग तुटला आणि ती बंद पडली. लोकांनी संस्था काढली, मार्ग पुन्हा बांधायला हात लावले आणि १९६२ पासून ती टप्प्याटप्प्याने परत धावू लागली. आजही तिच्यावर स्वयंसेवक राबतात. त्यांच्यापाशी आपल्यापेक्षा जास्त प्रेम होते, असे मला वाटत नाही. त्यांनी प्रेमाची पाळी लावली, एवढेच.

आपल्याला हे परके आहे का? मुळीच नाही. वीणेचा पहारा लावणाऱ्या गावाला स्वयंसेवा बाहेरून शिकावी लागत नाही. सप्ताहात कोण किती रडले, कोणाची भक्ती किती, हे कुणी मोजत नाही. तुझी वेळ कोणती आणि तू आलास का, एवढेच विचारतात. दोनची पाळी असलेला माणूस तीनला आला, तर त्याच्या भक्तीचा आधीच्या माणसाला काही उपयोग नसतो. तो तासभर जास्त उभा राहिलेला असतो.

पण हा नेम आपण सात दिवसांपुरता ठेवतो. आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन होते, महाप्रसाद होतो, फळा पुसला जातो. मग वर्षभर गावची बारव, नदीचा काठ, शाळेची ग्रंथालयाची खोली, स्टेशनावरची सावलीची झाडे, हे सगळे 'कुणीतरी' बघायचे असते. ज्याच्यापुढे नाव लिहिलेले नाही, ते काम सर्वांचे असते आणि म्हणून कुणाचेच नसते. रेल्वे सरकारची आहे, बारव पुरातत्त्वाची आहे, नदी पाटबंधाऱ्याची आहे, असे म्हणून आपण सुटतो. मालकी त्यांची असेल. टॅलिलिनचे रूळही त्या माणसांचे नव्हते.

बार्शी लाईट परत आणा, असे मी म्हणणार नाही. पण तिच्या काठच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी नोंदवून ठेवायला सरकारची परवानगी लागत नाही. लागतात रविवारचे दोन तास, एक वही आणि ऐकून घेण्याची सवड. पानगावच्या चैत्यस्मारकात बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. ६ डिसेंबरला तिथे लोटणाऱ्या गर्दीतल्या म्हाताऱ्या माणसाला पाण्याचा तांब्या द्यायला, हात धरून सावलीत बसवायला पाळी लावता येते. रेणा नदीच्या काठी उन्हाळ्याआधी लावलेल्या दहा झाडांनाही पाळी लावता येते. कामे लहान आहेत. पण ती एकदा केली की झाली, अशी नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा करावी लागतात. झाडे लावण्याच्या दिवशी फोटो काढायला पन्नास जण असतात. मे महिन्यात पाणी घालायला कोण येणार, हा प्रश्न झाडाच्या दृष्टीने खरा आहे.

यंदा तुमच्या गावचा सप्ताह संपेल तेव्हा एक करून पाहा. फळा लगेच पुसू नका. वीणेच्या वेळांच्या जागी गावातल्या एकाच कामाच्या वेळा लिहा, वर्षभराच्या. सकाळ-संध्याकाळच्या रकान्यांपुढे नावे लवकर भरतील. कुणालाही नको असलेली, भर उन्हाची, दुपारी दोन ते चारची पाळी कोरी राहील. आपले नाव तिथे लिहा, आणि त्या वेळेला जा.