'राइट' या शब्दाच्या निमित्ताने

इंग्रजीतील 'राइट' हा शब्द उजव्या हाताला लागू पडतो, अचूक उत्तराला पडतो, नीतीने योग्य अशा कृत्याला पडतो आणि कायद्याने लाभलेल्या हक्कालाही. पैकी उजव्याचे कोडे आपल्याला अपरिचित नाही. 'उजवा ठरणे', 'डावेउजवे करणे' हे मराठी प्रयोग तोच पक्षपात वाहतात. खरी अडचण शेवटच्या दोन अर्थांत आहे. एखादी गोष्ट करण्याचा 'राइट' असला म्हणून ती करणे 'राइट' ठरत नाही. परंतु शब्द एकच असल्याने पाऊल नकळत घसरते.

हक्काच्या अर्थासाठी मराठीत दोन शब्द आहेत, आणि तेही समानधर्मी नाहीत. मीमांसेच्या परंपरेत 'अधिकार' म्हणजे पात्रता. तेथे अपात्र कोण, हे ठरविणाराही आलाच. अरबीतून आलेल्या 'हक्क' शब्दाच्या मुळाशी मात्र 'सत्य' हा अर्थ आहे. संविधानाच्या हिंदी पाठात 'मूल अधिकार' आहेत, मराठीत 'मूलभूत हक्क'. मला मराठी निवड अधिक न्याय्य वाटते.

या अर्थभेदाचा कस महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात लागला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याचा रूढीसिद्ध 'राइट' आपणास आहे, असे सवर्ण वादींचे म्हणणे होते. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळले. कारण ही रूढी अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही. निकाल स्वागतार्हच. पण ती सिद्ध झाली असती तर? १९२७ साली त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांनी आपला प्रश्न रूढीच्या वयावर सोपविला नव्हता.